पुसणं महाग झालं

रेडिओ केंद्रात सगळे त्यांना खोडरबरताई म्हणत. काय ठेवायचं आणि काय पुसायचं, हे ठरवणं हीच तेवीस वर्षं त्यांची नोकरी. आधी टेपा महाग होत्या, मग कॉम्प्युटरच्या डिस्क. जागा कायम टीचभर. एक कार्यक्रम ठेवायचा तर दुसऱ्याला नारळ द्यावा लागे. पण पूर्ण ऐकल्याशिवाय ताईंनी कधी काही पुसलं नाही.

एका सोमवारी नव्या साहेबांनी बोलावलं.

"ताई, आजपासून काही पुसायचं नाही."

"काहीच नाही?"

"डिस्क आता मातीमोल भावात मिळतात. तुम्ही तासभर बसून एक फाईल पुसणार. तेवढ्या तासाच्या पगारात शंभर फायली वर्षभर सुखाने राहतात."

"मग मी काय करू?"

"ठेवा."

"ठेवायला काय करावं लागतं?"

साहेब घुटमळले. "तसं काही नाही. आपोआप राहतं ते."

ही बढती होती की घरी बसायची सूचना, ताईंना उलगडेना. नवरा म्हणाला, "बसून पगार मिळतोय, तर तोंड का पाडतेस?" त्याचंही चूक नव्हतं, म्हणून तर आणखी गोंधळायला झालं.

आठवडाभरात एक वयस्कर बाई आल्या. त्यांचे यजमान इथे निवेदक होते. जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"आता म्हणे तुम्ही सगळं साठवून ठेवता. ह्यांचा आवाज मिळेल का?"

ताईंना यादी पाहावी लागली नाही. "काकू, तो मीच पुसला. तेव्हा जागा नव्हती."

काकू रागावल्या नाहीत. "पुसण्याआधी ऐकला असेल ना?"

"ऐकला."

"मग सांगा, काय बोलायचे?"

ताईंनी डोळे मिटले. "सुरुवातीला जरासे खाकरायचे. आणि शेवटी श्रोत्यांना म्हणायचे, 'चला, माझा चहा गार होतोय.'"

काकू हसता हसता थांबल्या. "खाकरणं ह्यांचंच. पण चहा? चहाला आयुष्यात शिवले नाहीत हो ते."

"मग दुसरे कुणी असतील. इतके आवाज ऐकलेत, सरमिसळ झाली असेल."

"की इथे येऊन प्यायचे?"

निघताना काकू दारात थबकल्या. "नक्की आठवलं तर कळवा. आणि पीत असतील, तर तेही कळवा."

ताई तडक साहेबांकडे गेल्या. "जे ठेवतोय ते मी ऐकते. आत काय आहे, ते लिहून ठेवते."

"रोज किती येतं कल्पना आहे? तीन जन्म पुरायचे नाहीत."

"पण कुणी विचारलं तर?"

"मशीनवर शोधायचं."

"काय म्हणून शोधायचं?"

साहेबांनी कपाळ चोळलं. "बरं, ऐका बाई."

ताईंनी कानाला हेडफोन लावून पहिली फाईल उघडली. पाच तासांची होती. रिकामा स्टुडिओ, कुणीतरी मशीन बंद करायला विसरलं होतं. एकसारखी घरघर चालू होती. तासभर ऐकल्यावर त्यांनी वहीत लिहिलं, 'पंखा.' मग पुन्हा कान देऊन ऐकलं आणि पुढे लिहिलं, 'बहुतेक.'