करकरणारे स्टूल

मित्रांनो, कार्यक्रम संपला की तुम्ही वाकून नमस्कार करणाऱ्या कलाकाराकडे पाहता. ती इतका वेळ कोणावर बसली होती, हे विचारायचे कुणाला सुचत नाही. माझ्यावर! मी पियानोपुढचे जुने स्टूल. गोल बैठक, तीन पाय आणि मधोमध आट्यांचा लोखंडी दांडा. यातले एक अक्षरही खोटे असेल, तर माझा चौथा पाय मोडो.

मला एका सुताराने आपल्या सात वर्षांच्या लेकीसाठी घडवले. तिची बोटे ताटावर, भिंतीवर, बापाच्या पाठीवर सतत वाजत असत, म्हणून घरात तिला टिचकी म्हणत. तिला पियानोपर्यंत पोचवायला मला अकरा फेरे देऊन वर चढवावे लागे. एकदा तर मी इतका वर गेलो की तिने छताची कोळिष्टकेही काढून घेतली. पुढे ती वाढत गेली आणि मी फेऱ्याफेऱ्याने खाली आलो. एकाची उंची वाढावी म्हणून दुसऱ्याने इतक्या आनंदाने खाली उतरलेले तुम्ही कुठे पाहिले आहे?

माझी एक खोड होती. बसणारा पुढे झुकला की मी ‘कर्र’ करी. टिचकीला शिकवायची तिची मावशी. तिने या खोडीलाच कामाला जुंपले. टिचकीला सुरुवातीला भारी घाई, म्हणून मावशीने दंडक घातला: स्टूल करकरले की मनात चार मोजायचे, मगच पहिला सूर. चौदा वर्षे आम्ही असेच वाजवले. हो, आम्ही!

मग मोठ्या सभागृहात तिचा पहिला एकटीचा कार्यक्रम ठरला. तो रंगला तर पुढची दारे उघडणार, नाहीतर पुन्हा घरची खोली. पियानोचे सूर लावणारे काका तिच्यावर जीव टाकत. करकरीमुळे पोरीचे हसे नको, म्हणून त्यांनी कुणाला न विचारता माझ्या आट्यांत तेल सोडले.

पडदा उघडला. टिचकी बसली, पुढे झुकली. मी गप्प. ती पुन्हा झुकली. मी तिन्ही पाय ताणले, पण हूं नाही की चूं नाही. तिची बोटे हवेतच थिजली. हजार माणसे बसलेली, पण कुणी खोकेना.

पहिल्या रांगेतल्या मावशीच्या तेवढे ध्यानात आले. ती जागेवरूनच म्हणाली, “टिचके, त्याची वाचा बसली असेल, तर तू बोल की त्याच्या वतीनं.”

टिचकीने एकदा माझ्याकडे वाकून पाहिले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, “कर्र.”

सभागृह खदखदून हसले, तीही हसली. मग तिने चार मोजले आणि असे वाजवले की छताची झुंबरे ताल धरून डोलली आणि दारावरचा रखवालदार दोनदा रडला.

नंतर काका तेलाची बाटली पाठीमागे लपवत आले. टिचकी म्हणाली, “काका, उरलेलं आमच्या दाराच्या बिजागरीला घाला. याला राहू द्या.”

माझा आवाज महिन्याभरात परतला. तरी देशोदेशी ती आधी तोंडाने करकरते, मग मी. आता तिच्या चिमुकल्या शिष्या मला पुन्हा अकरा फेरे चढवतात. म्हातारपणी असे वर जाणे फार थोड्यांच्या नशिबी असते.

म्हणून सांगतो, मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. धूळ पुसा, खिळे घट्ट करा, तेलही घाला. पण त्याआधी घरात विचारा, कुणाचे गाणे त्या करकरीवर उभे आहे का.

विश्वास नाही बसत? मग खाली वाकून बघा. माझा चौथा पाय मोडलेला दिसतो का?