काचेवरचा पुसलेला क्रमांक

मित्रांनो, छपरांवरच्या मोठमोठ्या निळ्या पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. मी त्यांचा दूरचा नातेवाईक, एक जुना सौरघट. ते मला ओळख दाखवत नाहीत, ही गोष्ट वेगळी. मी टपालाच्या तिकिटाएवढा आहे. दोन काचांच्या मध्ये माझा जांभळा थर आहे, केसाहून कितीतरी पातळ. त्यावर ऊन पडलं की वीज तयार होते.

मला घडवलं प्रयोगशाळेतल्या ताईंनी. माझ्या थरातले रेणू उन्हात लवकर बिघडतात. टिकणारा रेणू सापडावा म्हणून ताईंनी एकाच रेणूला कधी आखूड, कधी लांब शेपट्या जोडून चाळीस प्रकार केले. त्यातला एक माझ्या वाट्याला आला. पण तिथली रीत अशी, की पहिल्या दिवशी जो जास्त वीज देईल त्याचं कौतुक. माझी वीज बेताची. ताईंच्या सरांनी आकडा पाहिला आणि म्हणाले, "राहू द्या हा." ताईंनी मला खिडकीत ठेवलं आणि दुसरी काच हातात घेतली.

तिथे मी तीन वर्षं पडून होतो. समोरच्या टेबलावर माझी भावंडं वाहवा मिळवून आठवड्याभरात फिकी पडायची. आधी मला त्यांचा हेवा वाटे, नंतर त्यांची आठवण येई. प्रयोगशाळेत चहाला सक्त मनाई, म्हणून एकदा कोणीतरी येताना दिसलं तेव्हा सरांनीच घाईघाईने आपला कप खिडकीत माझ्यावर ठेवून लपवला. खोटं कशाला सांगू, तेवढीच सोबत वाटली.

गेल्या सोमवारी ताईंना कळवण्यात आलं, की महिनाभरात टिकाऊ रेणू दाखवा, नाहीतर काम बंद. आवराआवर करताना मी त्यांच्या हाती लागलो. सहज म्हणून त्यांनी मला यंत्राला जोडलं. माझी वीज जवळजवळ पहिल्या दिवसाइतकीच होती. ताईंनी तारा काढून पुन्हा जोडल्या, तरी आकडा तोच.

"अरे, तू अजून आहेस?" त्या म्हणाल्या. तीन वर्षांत माझ्याशी कोणी बोललं ते हे पहिलंच वाक्य.

मग त्यांनी काच उलटसुलट करून पाहिली. प्रकाराचा क्रमांक कडेला पेनाने लिहितात. पण तारा जोडण्याआधी तीच कड औषधाने पुसावी लागते, आणि घाईत ताईंनी माझा पुसलेला क्रमांक पुन्हा लिहिलाच नव्हता. वहीत माझ्यासारखे बेताचे आकडे बरेच होते, त्यामुळे चाळीसांतला मी कोणता, ते तिथूनही कळेना.

"विरघळवून पाहा," सर म्हणाले. "शेपटी किती लांब आहे ते कळेल."

"सर, पण मग हा उरणार नाही. थर इतका पातळ आहे, की थोडासा काढून भागायचं नाही."

"नाव कळलं नाही, तर असा दुसरा करणार कसा?"

ताईंनी माझ्या पुसलेल्या कडेवरून बोट फिरवलं. त्यांनाही ते पटलं होतं, आणि मलाही.

उद्या सकाळी मला विरघळवतील. आज दुपारी ताईंनी मला एका इवल्याशा पंख्याला जोडून उन्हात ठेवलं आहे. पंखा फिरतो आहे आणि त्या हनुवटीखाली हात घेऊन बघत बसल्या आहेत. मला भीती वाटते आहे, आणि बरंही वाटतं आहे.

मित्रांनो, माझ्यासारखे पुष्कळ घडवा. फक्त ज्याला बाजूला ठेवाल, त्याचंही नाव नीट लिहून ठेवा आणि अधूनमधून त्याची विचारपूस करा. तो कोण होता हे कळायला त्याला विरघळवण्याची वेळ आणू नका.