जाळीला बांधलेला टॉवेल

मी एक जुना टॉवेल आहे.

मित्रांनो, जरा थांबा. 'मी एका जुन्या गोलरक्षकाचा टॉवेल आहे' असं म्हणायला हवं होतं का? की 'त्याच्या आईचा'? इथेच माझा घोळ होतो. पुन्हा सुरू करतो.

मी एक जुना टॉवेल आहे, लिननचा. पो नदीच्या काठी आर्जिया नावाच्या मुलीने लग्नाआधी मला शिवलं आणि कोपऱ्यात स्वतःच्या नावाची दोन लाल अक्षरं भरली. तिच्यासोबत आम्ही ढीगभर कापडं सासरी गेलो. बाकीची वापरून विरली. मी सगळ्यांत सुबक निघालो, म्हणून मला लव्हेंडरच्या पुडीसोबत खणात ठेवलं. ते बक्षीस होतं की शिक्षा, हे मला अजून उमगलेलं नाही.

माझी घडी मोडली ती तिचा मुलगा लोरिस फुटबॉलचा पहिला करार करून घराबाहेर पडला, त्या सकाळी.

"मम्मा, हे नको. संघातली पोरं हसतील."

"हसू देत. दुकानातल्या फडक्यांनी तोंडं पुसतात मेले!"

जाळी

सामन्याआधी लोरिस मला गोलच्या जाळीला बांधायचा, नेहमी स्वतःच्या डाव्या हाताच्या बाजूला. आता तुम्हीच सांगा. जाळी असते चेंडू अडकवायला आणि लोरिस असतो तो जाळीपर्यंत पोचू नये म्हणून. मी बांधलेला जाळीला आणि माणूस लोरिसचा. चेंडू आत आला की मी गदगदा हलायचो. अर्धं मैदान एकमेकांच्या गळ्यात पडायचं, अर्धं डोकं धरून बसायचं. मी कोणत्या अर्ध्यात?

शिवाय तो खेळत असताना मला त्याची फक्त पाठ दिसायची. तोंड पुसायला आला की चेहरा इतका जवळ यायचा, की दिसायचं काहीच नाही. नुसता घाम कळायचा.

तो तिसऱ्या वर्गाच्या संघातून दुसऱ्या वर्गाच्या संघात गेला. मग एका मोठ्या संघाने त्याला घेतलं आणि राखीव म्हणून बाकावर बसवलं. ज्या मैदानांत सगळ्यांत जास्त माणसं, तिथेच मी सगळ्यांत कोरडा राहिलो. एकदा मुख्य गोलरक्षक जखमी झाला, लोरिस उतरला आणि त्याने चार गोल खाल्ले. सोमवारच्या वर्तमानपत्रात त्याच्या खेळाला दहापैकी सात गुण होते. पुढच्या रविवारी त्याने एकही गोल होऊ दिला नाही. गुण पाच. मी विचार करणं सोडून दिलं.

मग या संघाकडे उसना, त्या संघाकडे उसना, असं करत केस पिकल्यावर तो आपल्याच गावच्या संघात परतला. पुन्हा तिसरा वर्ग. त्याच्या खाली घसरलं की खेळणं हा धंदा राहत नाही. दिवसा कुठेतरी नोकरी, संध्याकाळी सराव.

साबण

त्या वसंतात संघ एकाएकी हरेनासा झाला. सामान सांभाळणारा म्हातारा सेत्तिमिओ म्हणाला, "या टॉवेलला पाणी लावायचं नाही. नशीब धुऊन जाईल." कोणी हसलं नाही. असल्या गोष्टींना आमच्याकडे कोणी हसत नाही. मी चिखलाने, घामाने ताठ झालो. माझा वास मलाच सोसेना, आणि लोक माझं चुंबन घ्यायचे!

शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरे होती. हरलो, तर खालचा वर्ग आणि लोरिसचा धंदा त्याच संध्याकाळी बंद.

आदल्या दिवशी लोरिस आईकडे जेवायला गेला. मक्याच्या पिठाचा पोलेंटा खाऊन त्याचा डोळा लागला. तेवढ्यात आर्जियाने पिशवी उघडली.

तो उठला, तेव्हा मी पांढराशुभ्र होऊन दोरीवर होतो.

"मम्मा! काय केलंस हे?"

"काय केलं म्हणजे? धुतलं. माझ्या नावाचा टॉवेल असा चारचौघांत टांगतोस?"

"उद्या हरलो तर अख्खं गाव तुला खाईल."

"खाऊ दे. मग मीही येते उद्या. समोर बसते. बोला म्हणावं तोंडावर!"

ती कधी मैदानात यायची नाही. मुलावर चेंडू मारतात ते बघवत नाही म्हणायची.

रविवारी मला पाहून सेत्तिमिओ मटकन खाली बसला. "लोखंडाला हात लाव, लोरिस, अपशकुन टळेल. लवकर! खांबाला लाव."

"खांब ॲल्युमिनियमचे आहेत."

"मग मेलो आपण."

आणि त्याने मला उचलून गोलसमोरच्या मातीत खसाखसा घासलं. वर प्रेक्षकांतून आर्जिया ओरडली, "ए सेत्तिमिओ! ठेव तो खाली! तुझ्या बायकोचा आहे का?" प्रेक्षक पोट धरून हसले. मी अर्धा मळका, अर्धा इस्त्रीचा, तसाच जाळीला लागलो. मी शुभ होतो की अशुभ?

शेवटी शेवटी, बरोबरी असताना, पाहुण्या संघाला पेनल्टी मिळाली.

मला लोरिसची पाठ दिसत होती. मग चेंडू दिसला, थेट माझ्याकडे येणारा. मग मधे आडवा लोरिस आला आणि जाळी हलली नाही.

धंदा वाचला. सेत्तिमिओ म्हणाला, "माझी माती." सामना संपल्यावर खाली उतरून आलेली आर्जिया म्हणाली, "माझा साबण." खरं तर पेनल्टीच्या वेळी तिने डोळे घट्ट मिटले होते. लोरिस मात्र माझ्यात तोंड खुपसून पुटपुटला, तिला ऐकू जाईल एवढंच: "मम्मा, उजव्या खांद्यावर आता पडताच येत नाही. डावीकडेच जाता आलं असतं. त्याने डावीकडे मारला, बस. आता पुरे."

म्हणजे सगळ्यांचा धंदा वाचला आणि ज्याने वाचवला, त्याचा त्याच संध्याकाळी संपला. समजवा मला कोणीतरी.

हल्ली

मी आर्जियाच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असतो. खणात ठेवू नका, एवढं मात्र मला नक्की सांगता येतं, मित्रांनो. धुवा, मळवा, भांडी पुसा, पण घडी घालून जपू नका. चांगल्या वस्तूंनाही वापरा आणि थकलेल्या माणसांनाही खिळ्याजवळ जागा द्या.

काल ती ताटल्या धूत होती आणि लोरिस मला घेऊन त्या पुसत होता.

"दोन्ही हातांनी धर. फोडशील."

ओली ताटली निसटली, उजवीकडे. त्या खांद्याने तो वाकला, कण्हला आणि ताटली जमिनीपासून वीतभर वर माझ्यात अडकली. आर्जियाने या वेळी डोळे मिटले नव्हते.



"उजवीकडेही येतं की रे तुला," ती म्हणाली.

लोरिसने माझ्यात तोंड पुसलं. ताटल्या पुसायचा टॉवेल, तरी न ओरडता तिने पुढची ओली ताटली त्याच्या हातात दिली.