सत्तावीस मैलांची चूक

"आता सांगा मास्तर, एकोणसाठ मिनिटांच्या पुढं काय येते?" ओसरीत पसरलेल्या नकाशाच्या कडेवर बोट ठेवून इंद्रभाननं विचारलं.

"साठ."

"चुकले! पुढचा अंश येते. घड्यायात कधी साठ मिनिटं वाजलेले पाह्यले काय?"

निवृत्ती मास्तर हसला. नागपूरहून सायन्सची पदवी घेऊन तो नुकताच बुलढाण्याच्या शाळेत लागला होता आणि दर रविवारी नकाशा वाचायला शिकण्यासाठी इंद्रभानकडे येत होता. इंद्रभान सर्व्हेच्या पथकातला हेड खलाशी, म्हणजे साखळ्या-दुर्बिणी वाहणाऱ्या गड्यांचा मुकादम. पेन्शनीत निघून त्याला दोन वर्षं झाली होती. इंग्रजी त्याला वाचता येत नसे, आकडे मात्र पक्के येत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या हातून एकही ठिकाण हरवलं नव्हतं. रानात पुरलेला सर्व्हेचा दगड, वर बाभळ माजलेली असतानाही, तो पावलं मोजून काढून देई.

"साहेब लोक जागा कशी लिहीत, ते दाखवतो तुमाले," म्हणत त्यानं पत्र्याच्या पेटीतून एक पिवळं पडलेलं पत्र काढलं.

पत्र शकूरच्या मरणाचं होतं. शकूर त्याचा जोडीदार. लांबच्या टेकडीवर आरसा घेऊन उभं राहायचं आणि उन्हाचा कवडसा नेमका दुर्बिणीवर पाडायचा, हे शकूरचं काम. दहा मैलांवरूनही त्याचा कवडसा हलत नसे. "तिकडं शकूर हाय साहेब," इंद्रभान सांगे, "बाकीच्याइचा उजेड नाचते." सत्तावीस साली शकूरला दुसऱ्या पथकात धाडलं आणि तिथं पटकीनं तो एका दिवसात गेला. पथकातले बाकीचे परप्रांतातले. त्यांनी त्याला मुक्कामापाशीच माती दिली आणि ते पुढे निघून गेले. बायकोला, अमीरबीला, साहेबाचं हे पत्र आलं. त्यात गावाचं नाव नव्हतं. टेकडीचा उत्तरेकडचा उतार, एवढं वर्णन आणि दोन आकडे: २०.४४ आणि ७६.४२. पुढं साहेबही विलायतेला निघून गेला.

इंद्रभाननं आकडे बघताक्षणी वाचले होते. वीस अंश चव्वेचाळीस मिनिटं, शहात्तर अंश बेचाळीस मिनिटं. त्यांच्या पथकाच्या वहीत घाईच्या वेळी अंश आणि मिनिटांच्या मध्ये असंच टिंब देत. त्या हिशेबानं जागा निघाली शेगावच्या दक्षिणेला. तिथं शेताच्या धुऱ्यावर, हिवराच्या झाडाखाली दगडांची एक लांबट रास सापडली. तेव्हापासून अकरा वर्षं, उन्हाळ्याच्या तोंडी, तो अमीरबीला तिथं घेऊन जात होता.

मास्तरनं पत्र वाचलं आणि शेवटच्या ओळीवर तो अडला.

"काका, इथं पुढच्या मुक्कामाची जागा दिली आहे. शहात्तर टिंब अडुसष्ट."

"ते साहेबाचं चुकलं. अठ्ठावनचं अडुसष्ट झालं."

मास्तर हळूच म्हणाला, "साठाच्या पुढं मिनिट नसतं, आत्ताच म्हणालात ना? ही मिनिटं नाहीत, काका. साहेबानं अंशाचे शंभर भाग केलेत."

मास्तरनं कागदावर साठानं गुणून दाखवलं. चव्वेचाळीसची झाली सव्वीस मिनिटं आणि थोडं. बेचाळीसची पंचवीस आणि थोडं. इंद्रभाननं दुसरा नकाशा उलगडला. त्याचं बोट उंद्रीच्या बाजूच्या एका टेकडीवर, उत्तरेच्या उतारावर जाऊन थांबलं. त्यानं पट्टी लावली. शेगावच्या त्या हिवरापासून सत्तावीस मैल.

शेगावकडे टेकडी नव्हती, हे त्याला पहिल्याच वर्षी खुपलं होतं. विलायतेच्या माणसाला शेतातला उंचवटाही टेकडी वाटत असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

मास्तर गेल्यावर त्याची बायको वच्छलाबाई आतून इंद्रभानला म्हणाली, "तिले काई सांगू नका. तिथं जाऊन बाईचं मन निवते ना? मंग झालं तं."

"अन् शकूरचं काय?"

दोन दिवस इंद्रभान अमीरबीच्या गल्लीपर्यंत गेला आणि परत आला. तिसऱ्या दिवशी आत शिरला. ती अंगणात गोधडी शिवत बसली होती.

"या भाऊ. दोन दिवसापासून गल्लीच्या तोंडातून वापस जाऊन राह्यले. नवरदेवावानी लाजता काय?"

तो उभाच राहिला. "भाबी, माह्या हातून चूक झाली. शकूर तिथं नाई."

त्यानं सगळं सांगितलं. टिंब, साठ, शंभर. तिला आकडे कळले नसतील, पण सुई जागच्या जागी थांबली.

"मंग अकरा वर्सं मी कोनाच्या उशाशी बसून राह्यली?"

"मले मालूम नाई."

"त्याले समदं सांगतलं म्या. सरवरीचं लगन, तिच्या सासूचे भांडनं, माह्या गुडघ्याचं दुखनं. परक्या मानसाले?"

इंद्रभाननं मान खाली घातली.

"तुमचा दोस्त जिंदगीभर एका जाग्यावर उभा राहून तुमाले उजेड दाखवत होता," ती म्हणाली. "अन् तुमाले तो सापडला नाई."

बराच वेळ ती गोधडीवरचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली. मग तो दातानं तोडत म्हणाली, "उद्या नेता काय?"

दुसऱ्या दिवशी मोटारीनं चिखली, तिथून उंद्री आणि पुढे भाड्याचं छकडं. टेकडीच्या पायथ्याशी इंद्रभाननं होकायंत्र काढलं आणि तो पावलं मोजत चढू लागला. पहिल्यांदाच त्याला आपल्या पावलांचा भरवसा वाटत नव्हता. उतारावर सीताफळाची झुडपं होती. त्यांच्यामध्ये, दक्षिणोत्तर, माणसाच्या लांबीचा दगडांचा ओटा होता. उत्तरेच्या अंगाला डोक्याशी एक दगड उभा रोवलेला.

अमीरबीनं झुडपांच्या फांद्या बाजूला सारल्या. ओल्या फडक्यातली ओंजळभर गुलाबाची फुलं दगडांवर ठेवली, फातेहा म्हटली आणि उशाशी बसली. मग बोलू लागली, "सरवरीचं लगन झालं बरं काय. पोरगा रेल्वेत हाय..." अकरा वर्षांचं सगळं, पहिल्यापासून.

इंद्रभान उठून तिचा आवाज ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर जाऊन बसला. खाली दूरवर सपाट मुलूख पसरला होता, उन्हात कुठं काही चमकत नव्हतं.

ती उठली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. फडक्यात निम्मी फुलं तशीच होती.

"भाऊ, उंद्रीहून खामगावची मोटर भेटन काय?"

"खामगावची काऊन? आपलं घर तं इकडं हाय."

"तिथून शेगावले जाता येते ना." तिनं फडक्याला गाठ मारली. "त्या मानसाले कोन हाय दुसरं?"

आणि त्याची वाट न पाहता ती निघाली. सव्वीस वर्षं पथकाच्या पुढं चाललेला इंद्रभान होकायंत्र खिशात टाकून तिच्या मागून उतार उतरू लागला.