खुंटीवरचा शर्ट

माझ्या भावाच्या घरात पैसा खुंटीवर उगवतो. राजांचे महसूल, सरदारांचे नजराणे आणि प्रजेचे हाल हा विषय मी तीस वर्षे महाविद्यालयात शिकवला. पण रयतेने भरलेला कर रोज सकाळी तिलाच बक्षीस म्हणून परत देणारी आणि वर काटकसरीचा उपदेश करणारी राजवट मला कुठल्याही ग्रंथात आढळली नाही. ती पाहण्यासाठी मला फक्त दोन जिने उतरावे लागतात. मी वरच्या मजल्यावर एकटी राहते. दादा आणि वहिनी खाली.

राजवटीचा रिवाज असा. पहाटे दादा उठायच्या आत वहिनी फडताळातल्या पत्र्याच्या डब्यातून नोटा काढते आणि दाराशेजारच्या खुंटीवर टांगलेल्या त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात घालते. आठ वाजता दादा अंघोळ करून तो शर्ट अंगात चढवतो, गळ्यापर्यंत बटणे लावतो, खिसा चाचपतो, नोटा बाहेर काढून दोनदा मोजतो आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणतो, "घे. आजचे. जपून वापर, उरलेले संध्याकाळी सांग." वहिनी ओले हात पुसून ते घेते. संध्याकाळी उरलेले सांगते. कधी जास्त खर्च झाला तर बोलणीही खाते.

हे सहा वर्षे चालले आहे. त्याआधी दादा एका मोठ्या गोदामाचा भांडारप्रमुख होता. त्याच्या सहीशिवाय तिथून पोते हलत नसे. गोदाम बंद पडले आणि त्याला एका रंगाच्या दुकानात सकाळचे तीन तास बसण्याचे काम मिळाले. त्यात त्याचा चहा, वर्तमानपत्र आणि बसचा पास निघतो, थोडेफार उरते. बाकीचे घर वहिनीच्या सुईवर चालते. ती ठेकेदाराकडून तयार शर्ट आणून काज-बटण करते. चाळीसांचा एक गठ्ठा, नगावर मजुरी. गोदाम सुटल्यावर पहिल्या महिन्यात दादाला बसभाड्यासाठी हात पसरावा लागू नये म्हणून तिने गुपचूप त्याच्या खिशात नोटा ठेवल्या. त्याने त्या काढल्या, जरा वेळ पाहिल्या आणि भाजीसाठी तिच्या हातावर ठेवल्या. आवक कुठून झाली हे न कळणारा माणूस भांडारप्रमुख होत नाही. पण त्या दिवशी त्याने ते न कळण्याचे ठरवले आणि तिने त्याला ते ठरवू दिले. दोघांपैकी कुणावर अधिक चिडावे याचा निर्णय मला आजतागायत करता आलेला नाही.

या वर्षी वहिनीच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि डाव्यात सुरू झाला. दोन महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया करा, असे डॉक्टरांनी सांगितले. घरबसल्या मजुरी करणाऱ्यांसाठी शहरात एक निधी आहे. तो हा सगळा खर्च उचलतो. अट एकच. गल्लोगल्ली कुटुंबांच्या कमाईची आणि खर्चाची जी पाहणी चालू होती, तिच्यात त्या व्यक्तीची नोंद 'कमावती' अशी हवी आणि खाली कुटुंबप्रमुखाची सही हवी. मी माझे निवृत्तिवेतन पुढे केले होते. दादा म्हणाला, "बहिणीच्या पैशाने बायकोचे डोळे उघडायची वेळ अजून आलेली नाही." वेळ नेमकी तीच आली होती, पण अशी वाक्ये त्याला इतकी आवडतात की त्यांच्या अर्थाकडे तो फिरकत नाही.

सोमवारी पाहणीची बाई आली. काखेत जाड फाइल, पायात झिजलेल्या चपला, चेहऱ्यावर दिवसभराची उत्तरे. दादाने तिला खुर्ची दिली आणि स्वतः समोर ताठ बसला. मी दाराशी उभी राहिले. वहिनी खिडकीत, मांडीवर शर्ट, शेजारी शर्टांचा ढीग. सुईत दोरा ओवायला तिने सुई जवळजवळ नाकाला लावली होती.

"घरात कमावते किती?"

"एक. मी."

"आणि ह्या?"

"ती घरीच असते."

बाईने ढिगाकडे पाहिले. "मग एवढे शर्ट कुणाचे?"

"हौस आहे तिला. रिकाम्या हातांनी बसवत नाही."

"चाळीस शर्टांची?"

"हौस मोठी आहे," दादा म्हणाला.

मग खर्च. इथे मात्र त्याच्यातला भांडारप्रमुख जागा झाला. भाडे, वीज, किराणा, दूध, औषधे, साबण, सारे त्याने घडाघडा आणि बिनचूक सांगितले. खर्चाच्या बाबतीत खोटे बोलणे त्याच्या रक्तातच नाही. बाईने बेरीज केली, पुन्हा केली आणि पेन खाली ठेवले.

"काका, तुमची कमाई महिन्याला दोन हजार. खर्च अकरा हजार. वरचे नऊ कुठून येतात?"

"काटकसरीतून."

दोनांतून अकरा काढणारी काटकसर अर्थशास्त्राला ठाऊक असती तर इतिहासातला एकही दुष्काळ पडला नसता. मी तोंड उघडणार, एवढ्यात वहिनीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी ते मिटले. तिला मी धूसरच दिसत असणार, तरी नेम बरोबर लागला.

बाई उठली. "शुक्रवारी या गल्लीत माझी शेवटची फेरी. काही दुरुस्ती असेल तर तोवर सांगा. तुमच्या सहीने." हे ती दादाशी बोलत होती आणि पाहत होती वहिनीकडे.

ती गेल्यावर मी म्हणाले, "दादा, ही हौस तिला आंधळी करणार आहे."

"तू जरा कमी वाचत जा."

"सही करायला तुझं काय जातं?"

"सरकारी कागदावर कायमचं राहतं ते. उद्या कुणी म्हणेल, ह्याला बायको पोसते."

"कुणी म्हणायची गरज काय? चार घरांना ठाऊक आहे."

"ठाऊक असणं वेगळं," दादा म्हणाला आणि वर्तमानपत्र उघडले.

मी वहिनीकडे वळले. ती दोरा दातांनी तोडत होती. "राहू द्या ना, वन्सं. उगाच कुरबूर कशाला?"

"अगं, तुझा डोळा चाललाय."

"दुसरा आहे की."

"तोही चाललाय."

"मग बरंच झालं. एकमेकांना सोबत होईल."

यावर ती हसली. मला हसू आले नाही. अन्याय सोसणाऱ्यांच्या विनोदबुद्धीवर इतिहासकारांनी पुरेसे लिहिलेले नाही. अन्याय करणाऱ्यांची निम्मी सोय तीच करून ठेवते.

मंगळवारी संध्याकाळी ठेकेदाराने वहिनीला मागच्या दोन गठ्ठ्यांची मजुरी दिली. बुधवारी भाडे द्यायचे होते. रात्री तिने नव्या गठ्ठ्यातल्या शर्टांना इस्त्री केली. शेवटच्या एकाची कॉलर ओलसर राहिली, म्हणून तो खुंटीवर टांगला. त्याच खुंटीवर, दादाच्या शर्टावर. दोन्ही पांढरे. पहाटे त्या डोळ्यांनी तिने भाड्याची सगळी रक्कम खिशात घातली. साडेसातला ठेकेदार गठ्ठा न्यायला आला, त्याने शर्ट मोजले, एकोणचाळीस भरले. इकडेतिकडे पाहिले, आपली पट्टी शिवलेला शर्ट खुंटीवर दिसला, तो ओढून घडी घातली, गठ्ठ्यात खुपसला आणि निघून गेला.

आठ वाजता मी वर्तमानपत्र मागायला खाली आले होते. दादाने शर्ट घातला, बटणे लावली, खिसा चाचपला. पुन्हा चाचपला. मग विजारीचे खिसे पाहिले, ज्यांचा या रिवाजाशी काडीचा संबंध नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात तो नेहमीप्रमाणे जाऊन उभा राहिला, पण हात रिकामे. सहा वर्षांत त्याच्याकडे या प्रसंगाचे वाक्यच तयार झाले नव्हते. विचारायचे तरी काय? जे आपण कमावून आणले, ते कुठे गेले?

"आज," तो म्हणाला आणि थांबला.

"आज काय?" वहिनीने विचारले.

"आज खिशात काही नाही."

वहिनीचे हात पाण्यातच राहिले. मग ती बाहेर आली, खुंटीपाशी गेली, हाताने खुंटी चाचपली, जणू तिच्यावर अजून एक शर्ट असू शकेल. "तुमच्या नाही ठेवले मग," ती म्हणाली. "त्या दुसऱ्या शर्टात ठेवले. भाड्याचे होते हो सगळे."

ठेवले. त्या घरात हा शब्द पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला गेला. दादाने माझ्याकडे पाहिले, मी छताकडे. वहिनी पायांत चपला शोधू लागली. उजवी डाव्या पायात जात होती.

"तू बस," दादा म्हणाला. "मी जातो."

मी न विचारता त्याच्याबरोबर गेले. असे प्रसंग मूळ साधनांतून अभ्यासावेत, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे.

ठेकेदाराचा कारखाना म्हणजे एका जिन्यावरच्या दोन खोल्या. लांब टेबलांवर शर्टांच्या घड्या, टाचण्यांच्या डब्या, पुठ्ठ्याची खोकी, इस्त्रीच्या वाफेचा उष्ण वास. ठेकेदाराने दादाचे बोलणे ऐकून घेतले आणि खण उघडला. त्यात कात्र्या होत्या, अंगुस्ताने होती, एक चष्मा होता, आणि एक पाकीट.

"पैसे सापडलेत," तो म्हणाला. "पण तीस बायकांचं काम येतं इथे. सापडले म्हणून ओरडलो तर तीसच्या तीस हक्क सांगतील. कुणाचे ते लिहून द्या नि घेऊन जा."

"माझे आहेत."

"तुमचे? तुम्ही काज-बटणं करता?"

"नाही."

"मग तुमचे पैसे माझ्या शर्टात काय करत होते? हवा खायला गेले होते?"

टेबलापाशी घड्या घालणाऱ्या बाईचे हात मंदावले. दादाचे कान लाल झाले. "घरचे पैसे आहेत," तो म्हणाला.

"घराला काही नावगाव असेल ना, साहेब." ठेकेदाराने वही पुढे सरकवली. तारीख, गठ्ठा, कारागीर, वस्तू, सही. "नोटा मी ओळखतो. कालच माझ्या हातानं दिल्यात, कोपऱ्याला शाई लागलेली आहे. पण वहीत नाव लागतं. आणि वहिनींना सांगा, या खेपेला सहा शर्टांची काजं वाकडी आहेत. आणखी एक गठ्ठा असा आला तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

"तिची काजं कधी वाकडी नसतात," दादा म्हणाला.

"नसायची."

दादाने वही जवळ ओढली. पाठवणाऱ्याचे नाव नसलेले पोते त्याने आयुष्यात कधी आत घेतले नव्हते की बाहेर सोडले नव्हते. त्याने खिशातून स्वतःचे पेन काढले, टोपण उघडले आणि त्या गोदामी, गोल, ठाम अक्षरात कारागिराच्या रकान्यात वहिनीचे पूर्ण नाव लिहिले. वस्तूच्या रकान्यात लिहिले, 'मजुरी'. सही केली आणि शाई वाळेपर्यंत वही मिटू दिली नाही.

"ते सहा शर्ट द्या," तो म्हणाला. "दुरुस्त करून आणतो."

"करणार कोण?"

"उसवायला तर मला येतं."

पाकीट मुठीत आणि सहा शर्ट काखेत घेऊन तो जिना उतरला. मला बोलण्यासारखे पुष्कळ होते, संदर्भांसहित होते.  घरी पोहोचल्यावर त्याने पाकीट खुंटीवर टांगले नाही, खिशातही ठेवले नाही; ते फडताळातल्या डब्यात, त्याच्या जागी, नेऊन ठेवले. म्हणजे डब्याची जागाही त्याला सहा वर्षे माहीत होती.

शुक्रवारी पाहणीची बाई दारातच उभी राहिली. तिला इथून काही अपेक्षा नसावी.

"दुरुस्ती आहे," दादा म्हणाला.

ती आत आली, फाइल उघडली. "कमावते किती?"

दादाने घसा साफ केला. "दोन. पण नावं क्रमाने घाला. आधी मी, मग ती."

मी डोळे मिटून घेतले. बाई मात्र माझ्याहून अनुभवी होती. "काका, क्रम कमाईचा नसतो. वयाचा असतो."

"मग बरोबर आहे," दादा म्हणाला आणि सही केली.

तीन आठवड्यांनी वहिनीचा उजवा डोळा उघडला गेला, निधीच्या खर्चाने. सहा खाटांची खोली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी परिचारिकेने थेंबांची चिठ्ठी दिली. ते बाहेरच्या दुकानातून आणायचे होते आणि निधी थेंबांचे पैसे देत नव्हता. दादाने सवयीने शर्टाचा खिसा चाचपला. वहिनी इथे असल्याने दोन दिवस तिथे कुणी काही ठेवले नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिले. माझी पर्स मांडीवरच होती. मी तिच्यावर दोन्ही हात ठेवून खिडकीबाहेर पाहू लागले.

"अगं," तो अखेर म्हणाला, "थोडे पैसे दे."

पाच खाटा ऐकत होत्या.

"कशाला?" वहिनीने विचारले.

"थेंब आणायचेत. तुझेच."

"किती?"

"दोनशे."

वहिनीने उशीखालून बटवा काढला. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा अजून धुकट. तिने नोटा बोटांनी मोजल्या, मग पुन्हा एकदा मोजल्या आणि पुढे केल्या.

"घ्या. जपून वापरा. उरलेले संध्याकाळी सांगा."

शेजारच्या खाटेवरची बाई खोकू लागली आणि बराच वेळ खोकत राहिली. दादाने नोटा घेतल्या, खिशात घातल्या, वरचे बटण लावले.

अर्ध्या तासाने तो परत आला. थेंबांची बाटली आणली होती आणि काखेत वर्तमानपत्र होते. स्टुलावर बसून त्याने ते उघडले.

"उरले किती?" वहिनीने विचारले.

"सांगतो की संध्याकाळी," तो पान उलटत म्हणाला.