काठोकाठ भरलेला पेला

मित्रांनो, मी एक जुनी पितळी किटली आहे. चहाची नव्हे, अरबी कॉफीची. अरबस्तानातल्या अल-अहसा भागात एका तांबटाने पत्रा ठोकून मला घडवले, आतून कल्हई केली आणि माझी चोच चंद्रकोरीसारखी वाकवली. सलमाच्या लग्नात तिच्या आईने मला तिच्या हाती दिले. तिच्याबरोबर मी टेक्ससमधल्या अर्विंगला आले.

तिथे दर शुक्रवारी माझ्याभोवती शेजारी जमत. मग २००१चा सप्टेंबर आला, न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडले. शेजारी यायचे थांबले, जिन्यात कोणी बोलेना. मला वर्तमानपत्रात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवले गेले. वर्षभरात मी काळी पडले.

एकटी शैलजा मात्र येत राहिली. ती वरच्या मजल्यावर राहायची. पुण्याची, रसायनशास्त्रात एम.एस्सी.; पण व्हिसा असा, की नोकरी करता येत नव्हती. सलमा दुपारी पातेल्यात कॉफी उकळून मगात द्यायची आणि शैलजा वहीत लिहून घ्यायची : भाजलेल्या बियांचा रंग शेंगदाण्यासारखा, पूड जाडसर, उकळायचे बारा मिनिटे, गाळ बसू द्यायचा पाच मिनिटे, वेलची शेवटी.

एका शनिवारी सलमाचा नवरा युसूफ घरी आला. त्याचे टायरचे दुकान होते. तो म्हणाला, "सोमवारी घरमालकाच्या ऑफिसात सांगतो, घर सोडतोय. या इमारतीत आपण कोणाला नको आहोत."

"उद्या शैलजाकडे कॉफीला बोलावलंय," सलमा म्हणाली. "आधी तिथे चल. मग ठरव."

तिने मला खाली काढले आणि सहा बिनकानाच्या पेल्यांसह वर शैलजाकडे पाठवले. सलमाचे घर राहणार की जाणार, ते आता माझ्या चोचीवर होते.

शैलजाने मला चिंचेने घासले, आत बोट फिरवून कल्हई तपासली. रविवारी तिने काट्यावर पूड तोलली, घड्याळ लावले. सिद्धेश, तिचा नवरा, हसला. "शैलू, लॅब रिपोर्ट सबमिट करायचाय का?"

"गप रे. काका पहिल्यांदाच येताहेत."

ते आले. बोलणे इंग्रजीत आणि अडखळत चालले होते. युसूफ खुर्चीच्या कडेवर बसला होता. शैलजाने मला डाव्या हातात धरले, पेला उजव्या हातात. बरोबर! मी सुटकेचा श्वास सोडला. मग तिने ओतायला सुरुवात केली. पाव पेला. आता थांब. अर्धा. थांब, पोरी! ती थांबली नाही. कॉफी काठाला टेकली.

मित्रांनो, आमच्याकडे पेला तळाशी थोडासा भरतात. पाहुणा 'पुरे' म्हणून पेला हलवत नाही तोवर पुन्हा पुन्हा ओततात. काठोकाठ भरलेल्या पेल्याचा अर्थ एकच : प्या आणि निघा. सलमाने हे कधी सांगितले नव्हते. मगाला असले नियम कुठले?

युसूफ पेल्याकडे पाहत राहिला. त्याने तो एका दमात संपवला आणि उठला. "थँक यू. चल, सलमा." सलमा पांढरी पडली. नवऱ्याला यजमानांसमोर अडवणे बरे दिसेना, म्हणून तीही उठली. युसूफ दाराशी वाकून बुटाची नाडी बांधू लागला. मला जीभ नव्हती. नुसती चोच होती.

"अरे, काय झालं यांना?" सिद्धेश पुटपुटला.

"माहीत नाही. विचारते." शैलजा मला घेऊनच दाराशी गेली. "काका, माझं काय चुकलं? किटली अजून भरलेली आहे. तुम्ही जाऊ नका ना."

नाडीवरचा हात थांबला. पेला भरून हाकलणारी यजमानीण थांबा कशी म्हणते?

"तुमच्या घरी," त्याने सावकाश विचारले, "पाहुण्याला किती ओततात?"

"काठोकाठ! कमी ओतलं तर आई ओरडते, माणसं काय म्हणतील, हात आखडता घेतला?"

सलमाने तोंडावर हात धरला. आधी हसू फुटले, मग डोळे पुसत तिने सगळे सांगितले. शैलजाचा चेहरा लाल झाला. "अय्या! म्हणजे मी तुम्हाला गेट आऊट म्हणाले?"

"फार प्रेमाने म्हणालीस," युसूफ म्हणाला आणि त्याने बूट काढले.

आता शैलजा थोडे थोडे ओतू लागली. एक पेला झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मी त्याच्या मनगटाकडे पाहत होते. त्याने पेला हलवला नाही. तसाच पुढे केला.

"सोमवारी दुकानात लवकर जायचंय," तो सलमाला म्हणाला. "त्या ऑफिसात जायला वेळ नाही मला."

मित्रांनो, तुमच्या फळीवर कोणी माझ्यासारखी काळी पडत असेल, तर तिला खाली काढा. चिंचेने घासा, कल्हई पाहा, कॉफी करा. मग शेजाऱ्याला बोलवा. आणि तो अचानक उठलाच, तर बुटाची नाडी बांधून होण्याआधी दाराशी जाऊन विचारा.