बिशपखालचा गालिचा

स्कलीज कोव्हच्या गालिचा मंडळाची अध्यक्ष ड्रुसिला पिट्मन हिला एकच व्यसन होतं: दुसऱ्यांचे टाके तपासणं. गोणपाटाखालून आकडीनं चिंधी वर ओढायची, एक वेढा सोडायचा, पुन्हा ओढायची, एवढंच ते काम. पण सगळे वेढे एका उंचीचे असावेत असा तिचा दंडक. दर गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये बायका चौकटी मांडून बसल्या की ही चष्मा नाकावर ओढून मागून फिरे आणि अल्फ्रिडा फॉरसीच्या खुर्चीपाशी हटकून थांबे.

"अगं अल्फ्रिडा, हे टाके आहेत की लाटा? बघणाऱ्याला बोट लागेल!"

अल्फ्रिडा हे चाळीस वर्षं ऐकत आली होती. ती मान खाली घालून पुढची चिंधी ओढायची.

त्या वसंतात शहरातल्या संग्रहालयाचं पत्र आलं. किनाऱ्यावरच्या जुन्या गालिच्यांची नोंद करायची आहे, आमच्या बाई येतील, मंडळानं आपला सर्वांत जुना गालिचा काढून ठेवावा. ड्रुसिलानं मंडळाचं कपाट उघडलं. सर्वांत जुन्या गालिच्याचं कसरीनं जेवण केलं होतं. कपाळाला हात लावून ती घरी निघाली. वाटेत शेजारच्या हेवर्ड बग्डेनचं भांडं परत करायला त्याच्या स्वयंपाकघरात शिरली आणि जागच्या जागी थिजली.

स्टोव्हपुढे हेवर्डचा काळा कुत्रा बिशप झोपला होता. वासराएवढा. आणि त्याच्या पोटाखालून एक गालिचा डोकावत होता. त्यावर पाच पायांचं कुठलंसं जनावर, कोपऱ्यात इंग्रजी 'ए' हे अक्षर.

"हेवर्ड! हा माझ्या अगाथा पणजीच्या हातचा!"

"असेल बाई. आईच्या वेळेपासून इथंच पडलाय."

"आणि तू त्यावर कुत्रा घातलास?"

"मी कुठं घातला? तो आपणहून झोपला. न्यायचा तर ने. पण मालक तो आहे, त्याला विचार."

ड्रुसिलानं खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा दाखवून विचारलं. बिशपनं न उठता तुकडा खाल्ला. मग तिनं कोपरा धरून ओढलं, तर गालिच्यासकट बिशप घसरत दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यात अडकला. अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि घोरणं चालूच. दुसऱ्या दिवशी तो बाहेर पाय वर करायला गेल्याची संधी साधून तिनं गालिचा पळवला. तासाभरात हेवर्ड दारात.

"दे तो गालिचा. मोकळी जमीन बघून असं रडायला लागलाय, की धुक्याचा भोंगा समजून तीन होड्या परत आल्या!"

मंडळाची बैठक बसली. ठरलं की बिशपला हुबेहूब तसाच नवा गालिचा करून द्यायचा. जुना गालिचा तोवर बिशपला परत मिळाला आणि बायका हेवर्डकडे जाऊन नमुना उतरवून आल्या. जनावर घोडा की सील यावर दोन दिवस गेले. ड्रुसिला मात्र भारावून गेली होती.

"बघा गं नीट! हे वर-खाली वेढे बघा. कसा जिवंतपणा आहे! असा हात आता कुणाचा राहिलाय?"

अल्फ्रिडाचे कान लाल झाले होते. ती चिंध्या कापायला लागली.

दहाव्या दिवशी जुना उचलून नवा गालिचा स्टोव्हपुढे अंथरला. बिशपनं हुंगला, शिंकला, एक फेरी मारली आणि उघड्या जमिनीवर लोळण घेऊन हेवर्डकडे दगाबाज माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"नव्या लोकरीला कुणाचा वास येणार?" अल्फ्रिडा म्हणाली. "जुने कपडे घाला. घरातल्यांचे."

सगळ्या बायका हेवर्डकडे वळल्या.

"तुझी ती लाल लांब लोकरी चड्डी दे," ड्रुसिला म्हणाली.

"अंगात आहे!"

"मग काढ."

हेवर्ड पुटपुटत आत गेला आणि मासेमारीची रबरी विजार चढवून बाहेर आला. चड्डी अजून ऊनऊन होती. दुपारपर्यंत तिच्या चिंध्या होऊन जनावर लालभडक झालं. बिशप आला, हुंगला आणि मोठा सुस्कारा टाकून त्यावर आडवा झाला.

मंगळवारी संग्रहालयाच्या नूनन बाई आल्या. हॉलमध्ये जुना गालिचा टेबलावर मांडला होता आणि हेवर्डही बायकांत येऊन बसला होता. ड्रुसिलानं अगाथा पणजीवर पाव तास भाषण केलं. बाईंनी गालिचा उलटा केला, मागच्या अस्तराचे चार टाके उसवले आणि थबकल्या.

"तुमच्या पणजी कधी वारल्या म्हणालात?"

"एकोणीसशे एकतीस."

"मग त्यांनी मेल्यावर केला असणार. हे बटाट्याचं पोतं आहे, त्यावर छापलंय, एकोणीसशे सहासष्ट."

ड्रुसिलानं चष्मा नाकावर ओढून पोत्यावरचा आकडा वाचला. मग अल्फ्रिडानं घसा खाकरला.

"मी अकरा वर्षांची होते तेव्हा. हेवर्डच्या आईला नाताळात दिला होता. गाय आहे ती. आणि पाचवा पाय नाही, शेपूट आहे."

ड्रुसिलाचा रंग चड्डीशी जुळला. "अगं, मग आधी का नाही बोललीस?"

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा तू माझं कौतुक करत होतीस. मध्येच कशी तोडू?"

आधी हेवर्ड हसला, मग नूनन बाई, मग सगळा हॉल. ड्रुसिला पदाला शोभेल असं ताठ उभी राहायला गेली, पण तिचेही खांदे हलायला लागले आणि शेवटी ती डोळे पुसत खुर्चीत बसली.

"करणारी बाई हयात आहे, हे तर फारच उत्तम," नूनन बाई नोंद करत म्हणाल्या. "प्रदर्शनाच्या उद्घाटनाला तुम्हीच या, मिसेस फॉरसी. तुमच्याबरोबर कुणी येणार?"

"मी येणार," ड्रुसिला म्हणाली.

जूनमध्ये त्या दोघी नूनन बाईंच्या गाडीतून शहराकडे निघाल्या. डिकीत ठेवणं अपमानाचं म्हणून ड्रुसिलानं गालिचा स्वतःच्या मांडीवर घेतला होता. मागे वळून ती अल्फ्रिडाला समजावत होती, की या गाईच्या पाठीवरचे वेढे नेमके का थोर आहेत आणि असं काम करताना मनाची अवस्था काय असते. पहिल्याच तासात अल्फ्रिडा झोपी गेली. ड्रुसिला शहर येईपर्यंत बोलत होती.